दारावरची ख्रिसमस रीथ घरी करायची आहे: सांगाडा, बांधणी, टांगणी

पाऊलवाट

नाताळसाठी मुख्य दारावर ताज्या हिरव्या डहाळ्यांची रीथ, म्हणजे टांगायचं गोल कडं, घरीच करायची आहे, तीही सांगाड्यापासून. दार लाकडी, पॉलिश केलेलं, ९० सेंमी रुंद, आत उघडणारं. बाहेर कोण आलंय ते बघायचं दारातलं भिंग जमिनीपासून १५० सेंमीवर आहे, ते झाकलं जायला नको. दुपारी दोनेक तास दारावर थेट ऊन असतं. दाराच्या दर्शनी बाजूला खिळा किंवा स्क्रू मारायचा नाही.

रीथ किती मोठी असावी? तार आणि डहाळ्या किती लागतील? एकेरी तारेच्या कड्यावर डहाळ्या गोल फिरतात आणि सगळा भार खाली लोंबतो, त्यावर उपाय काय? उन्हात ती तीन आठवडे हिरवी राहील अशी काही सोय होते का? दिवेही लावायचे आहेत, पण घरातून वायर बाहेर काढायची नाही.

तारकाम

आधी माप ठरवा. दाराच्या रुंदीच्या निम्मी रीथ डोळ्यांना बरी दिसते, म्हणजे तुमच्या दाराला या टोकापासून त्या टोकापर्यंत ४५ सेंमी. सांगाडा मात्र ४५ चा करायचा नाही. डहाळ्यांची टोकं चहूबाजूंनी सात-आठ सेंमी बाहेर येतात, म्हणून सांगाडा ३० सेंमी व्यासाचा घ्या. हे गणित चुकलं की रीथ दाराला जड होते आणि चौकटीला घासते.

सांगाड्याला एक नाही, दोन कडी करा: बाहेरचं ३० सेंमी व्यासाचं, आतलं २२ चं. एकेरी कड्यावर डहाळ्यांची जुडी तारेभोवती चाकासारखी फिरते, कितीही घट्ट बांधा. दोन कड्यांवर तिला सपाट बैठक मिळते आणि फिरायला वावच उरत नाही. तार ३ मिमी जाडीची, गॅल्वनाइज्ड. साधी लोखंडी तार पाण्याचे फवारे बसले की गंजते आणि दारावर तांबडे ओघळ उतरतात. बाहेरच्या कड्याचा घेर ९४ सेंमी, जोडाला ८ सेंमी, म्हणून १०२ सेंमीचा तुकडा कापा. आतल्याचा घेर ६९, जोडासकट ७७. वळवताना बादली किंवा डबा हव्या त्या व्यासापेक्षा दोन-तीन सेंमी लहान घ्या, कारण हात सोडला की तार उघडते. जोडाची टोकं आठ सेंमी एकमेकांवर ठेवून बारीक तारेने घट्ट गुंडाळा. दोन्ही कडी एका पातळीत ठेवून चार जागी आडव्या तारेने जोडा. टोकं पकडीने आत दाबा, नाहीतर ती पॉलिशवर चरे पाडतील.

मग दोन्ही कड्यांवर मिळून सुतळी किंवा सुती पट्टी सैलसर गुंडाळून घ्या. गुळगुळीत तारेवर ओल्या देठांना पकड मिळत नाही. देठ सुकून बारीक झाले की बांधणी सैल पडते आणि जुड्या घसरतात. सुतळीमुळे ते टळतं. पंधरा मिनिटांचं काम आहे, वगळू नका.

आता जुड्या. एका जुडीत पाच डहाळ्या, प्रत्येकी १५ सेंमी, देठ पेन्सिलीपेक्षा बारीक. जाड देठ सांगाड्यावर बसत नाही आणि तिथे रीथ फुगते. सुरुवातीलाच बाहेरच्या कड्यावर दर साडेचार सेंमीला खूण करा. ९४ सेंमीत २१ खुणा बसतात, म्हणजे २१ जुड्या, १०५ डहाळ्या. कापताना १२० कापा. बांधायची तार ०.६ ते ०.७ मिमीची, शक्यतो हिरवा मुलामा असलेली, १२ मीटर. एका वेढ्याला साधारण १४ सेंमी जाते, जुडीला तीन वेढे, त्यामुळे नऊ मीटर खरंच लागते.

तार रिळावरच ठेवा आणि शेवटपर्यंत तोडू नका. पहिली जुडी ठेवून देठांच्या वरच्या भागावर तीन वेढे द्या, प्रत्येक वेढा मागच्या बाजूला ओढून आवळा. दुसऱ्या जुडीची टोकं पहिलीचे वेढे झाकतील अशी ठेवा आणि पुढे जा. दिशा एकच. शेवटच्या जुडीला पहिलीची टोकं वर उचलायची, देठ त्याखाली सरकवायचे आणि तिथेच बांधायचं. नीट झालं तर सुरुवात कुठे होती ते शोधूनही सापडत नाही.

बहुतेक रीथा शेवटच्या पाव भागात विरळ होतात. डहाळ्या संपत येतात, हात दुखायला लागतो आणि अंतर नकळत वाढतं. म्हणून २१ च्या २१ जुड्या आधी करून ओळीने मांडा, हातात धरून वजनाचा अंदाज घ्या, मगच पहिली बांधायला घ्या. आतल्या बाजूच्या डहाळ्या दोन-तीन सेंमी आखूड ठेवा, म्हणजे मधलं भोक १४-१५ सेंमी मोकळं राहील. भोकाचा मध्य १५० सेंमीवर आणला की भिंगातून बाहेरचं स्वच्छ दिसेल.

पानोपानी

बांधणीबद्दल वर सगळं आलंच आहे, मी फक्त पाल्याबद्दल लिहिते.

तीन आठवडे आणि रोज दोन तास ऊन, हे ताज्या पाल्याला जड आहे. थंड हवेत, सावलीतल्या दारावर तीन आठवडे सहज निघतात. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर सात ते दहा दिवस धरून चाला आणि रीथ त्या हिशेबाने उशिरा बांधा. सांगाडा, पाइनकोन (पाइनचे वाळलेले शंकू) आणि रिबन आधी तयार ठेवता येतात, घाई फक्त पाल्याची असते.

कोणता पाला घेता यावर निम्मं काम अवलंबून आहे. फर मिळाला तर उत्तम, त्याच्या सुया वाळल्यावरही देठाला धरून राहतात. पाइनही टिकतो. स्प्रूस टाळा, तो सगळ्यात लवकर झडतो आणि दार आपटलं की खाली सुयांचा सडा पडतो. सायप्रस आणि जुनिपर भरावाला छान, वाळताना त्यांचा आकार फारसा बिघडत नाही. मोरपंखी सहज मिळते आणि चपटी असल्यामुळे पटकन जागा भरते, पण उन्हात कडेने तपकिरी पडते. म्हणून ती जुडीत मागे ठेवा, दोन-तीन डहाळ्या, आणि पुढे पाइन किंवा सायप्रस. एकाच झाडाचा पाला वापरला तर रीथ सपाट दिसते. दोन पोत आणि हिरव्याच्या दोन छटा एवढं पुरे.

डहाळ्या सकाळी कापा. देठाचं टोक तिरकं छाटून रात्रभर बादलीत उभ्या ठेवा, किमान आठ तास. आदल्या दिवशी पाणी पिऊन घेतलेली डहाळी आणि थेट झाडावरून आणून बांधलेली डहाळी यांत चार-पाच दिवसांनी उघड फरक दिसतो. बांधून झाल्यावर, सजावट लावायच्या आधी, अख्खी रीथ टबात अर्धा तास बुडवून निथळून घ्या. पुढे रोज मागच्या बाजूने पाण्याचा फवारा मारा. सुयांवर पडलेलं पाणी लगेच उडून जातं, देठांवर आणि सुतळीवरचं जास्त वेळ राहतं. ऊन यायच्या आधी मारा, भर उन्हात नको.

ऊन असताना रीथ उतरवून सावलीत ठेवणं हा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. थोडा कटकटीचा आहे, पण दुसऱ्या कुठल्याही फवाऱ्याने तेवढा फरक पडत नाही. म्हणून टांगणी अशी करा की एका हाताने काढता येईल.

फळांबद्दल एक. होली, मिसलटो आणि यू यांची फळं घरातल्या लहान मुलांसाठी आणि पाळीव प्राण्यांसाठी विषारी आहेत. यूच्या तर पानांतही विष असतं. मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर कृत्रिम फळांच्या तारेवरच्या काड्या वापरा, त्याही घट्ट बांधून.

पक्कड

टांगणीवर लिहितो.

४५ सेंमीची ओली रीथ, पाइनकोन वगैरे धरून, दीड-दोन किलो भरते. भिजवून निथळल्यावर त्याहून थोडी जास्त. हूक निवडताना हे ओलं वजन धरा.

पहिला पर्याय दाराच्या वरच्या कडेवर अडकणारी धातूची पट्टी. आधी दार आणि चौकट यांमधली फट बघा. पट्टी १.५ मिमीची असेल आणि फट त्याहून कमी, तर दार लागताना कुरकुरेल आणि पट्टी चौकटीचा रंग खरवडेल. एक कागद चार वेळा दुमडून, म्हणजे सोळा थर करून, वरच्या फटीत सरकवून बघा, सहज सरकला तर पट्टी बसेल. पट्टीच्या आतल्या बाजूला फेल्ट (नमद्यासारखं मऊ कापड) चिकटवा.

फट कमी असेल तर पट्टीऐवजी चार सेंमी रुंदीची सुती किंवा ग्रॉसग्रेन (आडव्या उठावदार रेघांची) रिबन दारावरून आत घ्या. सॅटिन नको, ती घसरते. रिबनचं टोक दाराच्या वरच्या कडेवर, म्हणजे दार लावल्यावर जी दिसतच नाही त्या जागी, दोन चपट्या पिनांनी ठोका. दर्शनी भागात एकही भोक पडत नाही.

पिनाही नको असतील तर चिकटणारा हूक दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या अंगाला, उलटा लावा. रिबन वरून आत येऊन त्या उलट्या हुकात अडकते. ओढ वरच्या दिशेने येते, म्हणून हूक उलटाच हवा, सरळ लावला तर रिबन निसटते. हुकाच्या पाकिटावरची वजनमर्यादा तुमच्या रीथच्या दीडपट तरी असू द्या, दार उघडता-मिटता झटके बसतात. लावण्याआधी ती जागा रबिंग अल्कोहोलने पुसा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि तासभर काही टांगू नका.

रीथ सांगाड्याच्या एकाच बिंदूवर टांगली तर ती गोल फिरते. वर एकमेकांपासून दहा सेंमीवर दोन तारेचे फास करा आणि दोन्हींतून रिबन ओवा. मागे चार जागी फेल्टचे तुकडे लावले की चरे नाहीत आणि दार मिटताना खडखडही नाही.

तारकाम

@पक्कड, अल्कोहोलबद्दल थोडं थांबा. दार पॉलिश केलेलं आहे असं मूळ प्रश्नात आहे. लाखेचं फ्रेंच पॉलिश असेल तर अल्कोहोल त्यावर घासताच ते विरघळतं आणि तिथे फिकट, चिकट डाग पडतो. आधी दाराच्या खालच्या किंवा बिजागरीकडच्या कडेवर कापसाच्या बोळ्याने एक थेंब लावून बघा. चिकट झालं किंवा बोळ्यावर रंग उतरला तर लाखेचं आहे. अशा दारावर चिकटणारे हूकही नकोत, काढताना पॉलिशचा पापुद्रा घेऊन येतात. पॉलियुरेथेनच्या पॉलिशवर अल्कोहोलने हलकं पुसायला हरकत नाही.

पाइनच्या चिकाचा डाग पडला तरी हीच अडचण. लाखेच्या पॉलिशवर थोडं खाद्यतेल लावून दहा मिनिटांनी मऊ कापडाने पुसा, अल्कोहोल नको.

पक्कड

बरोबर. लाखेच्या दाराला धातूची पट्टी किंवा वरच्या कडेवर पिनांवर अडकवलेली रिबन, चिकटणाऱ्या हुकाचा विचार सोडा.

उजेड

दिव्यांसाठी तांब्याच्या बारीक तारेवरची बॅटरीची एलईडी माळ घ्या, ५ मीटर, ५० दिवे. तुमच्या मापाच्या रीथला ती अगदी बेताची होते: जाडीभोवती एका वेढ्याला साधारण ४० सेंमी, म्हणजे पूर्ण गोलात बारा वेढे. पाला बांधून झाला की सजावटीच्या आधी माळ लावायची. नंतर लावलेली तार पाइनकोनवरून उघडी जाते आणि दिवसा डोळ्यात खुपते.

तीन एए सेलची डबी निवडा, शक्यतो सहा तास चालू आणि अठरा तास बंद असा टायमर असलेली. सेल अल्कलाइन घाला. डबी मागे, तळाच्या बाजूला बांधा. तिचं वजन खाली राहिलं की रीथ फिरतही नाही. झाकण दाराकडे आणि वायर डबीतून खालच्या दिशेने निघेल असं बघा, म्हणजे फवाऱ्याचं पाणी वायरवरून ओघळून डबीत शिरणार नाही. फवारा मारताना डबीवर प्लास्टिकची छोटी पिशवी चढवा. उघड्यावर पाऊस लागत असेल तर माळ आणि डबी दोन्हींवर आयपी ४४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणाची खूण) किंवा त्यापुढचा आकडा हवा.

नाण्यासारख्या बटन सेलच्या माळा लहान मुलांच्या घरात घेऊ नका. मुलाने तो सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. घ्यायचीच असेल तर झाकण स्क्रूने बंद होणारी घ्या. आणि वाळलेला पाइन फार लवकर पेटतो, म्हणून दाराजवळ मेणबत्ती किंवा पणती असेल तर ती रीथखाली येणार नाही इतकी लांब ठेवा.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार, मापं थेट वहीत उतरवून घेतली. दार जुनं आहे, पॉलिश लाखेचंच असणार, तेव्हा पिना आणि रिबन ठरलं. आता दोन गोष्टी राहिल्या. पाइनकोन आणि प्लास्टिकचे गोळे ग्लू गनने चिकटवू का? आणि रिबनचा बो नीट फुगत नाही, किती रिबन घ्यावी?

तारकाम

ग्लू गन इथे नको. ग्लू गनच्या काड्या बहुतेक ईव्हीए नावाच्या प्लास्टिकच्या असतात आणि हा गोंद ६० अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागतो. गडद रंगाच्या दारावर थेट ऊन असताना पृष्ठभाग तिथवर जाऊ शकतो, मग गोळे एकेक करून निसटतात. उलट कडक थंडीत तोच गोंद ठिसूळ होतो आणि गुळगुळीत प्लास्टिकवरून टिकलीसारखा उचकटतो. ओल्या पाल्यावर तर तो धरतच नाही. सगळं तारेनेच बांधा.

पाइनकोनच्या सगळ्यात खालच्या खवल्यांच्या रांगेत ०.९ मिमीची ३० सेंमी तार अडकवून पूर्ण फिरवा, दोन्ही टोकं एकत्र पिळा आणि ती शेपटी पाल्यातून मागे काढून सांगाड्याला बांधा. तार खवल्यांत लपते. त्याआधी पाइनकोन ओव्हनमध्ये ९५-१०० अंशांवर ट्रेमध्ये फॉइल घालून अर्धा-पाऊण तास ठेवा. चीक सुकतो, आतले किडे मरतात आणि खवले उघडतात. ट्रेजवळून हलू नका, चिकाला आग लागू शकते. ओल्या हवेत पाइनकोन पुन्हा मिटतात, तो त्यांचा गुणच आहे, वाळले की उघडतील. म्हणून टबात बुडवणं आधी, पाइनकोन नंतर.

गोळ्यांची टोपी वाऱ्याने सुटते आणि गोळा खाली पडतो. टोपी काढून आत कडेने मजबूत गोंदाचा एक थेंब लावा, परत बसवा, रात्रभर वाळू द्या आणि मगच कडीतून तार ओवा. ६, ४ आणि ३ सेंमीचे तीन गोळे एकत्र पिळून एक गुच्छ करा. असे तीन गुच्छ पुरतात. सारख्या अंतरावर लावू नका. दोन गुच्छ खाली डावीकडे जवळजवळ, एक वर उजवीकडे, असं लावलं की नजर फिरत राहते.

रेशीमगाठ

बोसाठी ६ सेंमी रुंद, कडांमध्ये बारीक तार असलेली रिबन ३ मीटर घ्या. बो फुगत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा बिनतारेची रिबन किंवा अपुरी लांबी. हिशेब असा: १५ सेंमीचे सहा फास, प्रत्येकाला ३० सेंमी, म्हणजे १८० सेंमी. मधल्या छोट्या फासाला वीसेक. खाली लोंबणाऱ्या दोन शेपट्यांना ३५-४० प्रत्येकी. हे सगळं २७०-२८० पर्यंत जातं, उरलेली कापाकापीला.

एक शेपटी मोजून सोडा, तिथे चिमटीत धरा, आधी मधला छोटा फास, मग डावीकडे एक, उजवीकडे एक, असे तीन जोड. प्रत्येक वेळी चिमटीपाशी रिबनला अर्धा पीळ द्या, नाहीतर एकाच बाजूला छपाई असलेल्या रिबनची उलटी बाजू पुढे येते. चिमूट अजिबात सैल करू नका. मध्ये २० सेंमी तार आवळून पिळा, मग फास एकेक करून बोटं आत घालून उघडा, दोन वर, दोन बाजूला, दोन खाली. शेपट्यांची टोकं मधोमध दुमडून तिरकी कापा. पॉलिएस्टरची असेल तर ज्योतीजवळून क्षणभर फिरवली की धागे सुटत नाहीत. सुती रिबनला तसं करू नका, ती पेटेल, तिला कडेने पातळ गोंद लावा.

बो तारेने शेवटी बांधा आणि फवाऱ्याआधी काढता येईल असा ठेवा. ओली होऊन वाळली की रिबनवर पाण्याच्या कडा उमटतात.

पानोपानी

उन्हाचा प्रश्न कायमचाच असेल तर याच सांगाड्यावर कापडाच्या पट्ट्यांची रीथही होते आणि वर्षानुवर्षं टिकते. २.५ सेंमी रुंद, १६ सेंमी लांब पट्ट्या कापायच्या आणि दोन्ही कड्यांवर साधी गाठ मारत दाटीने सरकवत जायचं. एका गाठीला पाऊण सेंमीच्या आत जागा लागते, म्हणून दोन्ही कड्यांना मिळून सव्वादोनशे ते अडीचशे पट्ट्या, म्हणजे ११० सेंमी पन्ह्याचं साधारण एक मीटर कापड. यात सुतळी गुंडाळायची नाही, गाठी सरकायला हव्यात. हिरव्याच्या तीन छटा मिसळून घ्या, कडा कात्रीच्या दातेरी पात्याने कापा. गडद हिरवं सुती कापड उन्हात विटतं, त्यामुळे अशीही रीथ नाताळ संपला की उतरवा आणि सपाट न ठेवता कापडी पिशवीत टांगून ठेवा, म्हणजे गाठी दबत नाहीत.

ताजीच हवी असेल तर जास्तीच्या पंधरा डहाळ्या बादलीत पाण्यात ठेवून द्या. दहाव्या दिवसानंतर ज्या दोन-तीन जुड्या तपकिरी पडतील त्यांच्या मागच्या वेढ्यात नव्या डहाळ्यांचे देठ तिरके खोचून वरून एक वेगळी तार आवळा. मूळ वेढे सोडू नका, तार अखंड आहे, एक सोडलात तर शेजारच्या जुड्याही सैल होतील.